दोघींची मिळून एक

ताईचं शिवणघर रंगमंचाच्या बरोबर खाली होतं. वर कोणी पाय आपटला की खाली मशीनवर धूळ पडायची. वर कोणी मेलं, म्हणजे नाटकात, की धप्पदिशी आवाज व्हायचा आणि ताई म्हणायची, "गेला एकदाचा. आता येईल त्याचा कोट धुवायला." नाटकमंडळीतले लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. पण सख्खी ताई ती एकाचीच होती, आणि तो एक म्हणजे मंडळीचा दिग्दर्शक. बाकीचे त्याला सर म्हणत, तो आला की उठून उभे राहत. ताई त्याला छोट्या म्हणायची. डोक्यावरचे केस गेले, पोट पुढे आलं, परदेशातून मानपत्रं आली, तरी छोट्या तो छोट्याच. चारचौघांत हाक मारली की तो कसनुसा हसायचा, आणि ते बघून ताईला मनातून बरं वाटायचं. खोटं कशाला बोला?

त्या हिवाळ्यात छोट्या रोज खाली येऊ लागला. एरवी वर्षातून दोनदा यायचा, तेही बटण तुटलं म्हणून.

"ताई, मी माझ्या लहानपणावर नाटक करतोय," तो म्हणाला.

"कर की. माझी कसली परवानगी?"

"परवानगी नको गं. मला काही आठवतच नाही. तू सांग." आणि त्याने फोन काढून मशीनशेजारी ठेवला, आवाज धरून ठेवायला. "मशीन जरा बंद ठेव, खडखड येते. आता खऱ्याचेच दिवस आहेत, ताई. रचलेलं कोणी बघत नाही. स्वतःच्या आयुष्यातलं आणा म्हणतात. जितकं खरं तितकं चांगलं."

ताईने आधी आढेवेढे घेतले. मेलं काय असणार त्यात, दूध पाजलं आणि ढुंगण धुतलं, त्याचं काय नाटक करणार, असं म्हणाली. पण एकदा सुरू झाली आणि बांधच फुटला. इतक्या वर्षांत तिला कोणी विचारलंच नव्हतं. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं म्हणून त्याने विचारलं नाही, आईला विचारायचं नव्हतं म्हणून तिने विचारलं नाही, आणि छोट्या आपला मोठा होण्यात गुंतलेला.

गोष्ट अशी होती. वडील गेले तेव्हा छोट्या रांगत होता आणि ताई शाळेत वरच्या वर्गात होती. आईचा गळा गोड. गावोगाव फिरणाऱ्या एका गाणाऱ्यांच्या ताफ्यात तिला जागा मिळाली, आणि "चार दिवसांत येते" म्हणून ती गेली. ते चार दिवस संपले तेव्हा छोट्याला मिसरूड फुटत होतं. मधे कधी पत्र, कधी थोडे पैसे, एकदा एक खेळण्यातली मोटार. आली ती गळा बसवून आली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, जशी काही सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतली. कोणी काही बोललं नाही. घरात त्या वर्षांना ‘आईचा दौरा’ म्हणायची पद्धत पडली. दौरा म्हटलं की कसं, परत यायचं ठरवून गेल्यासारखं वाटतं.

त्या दौऱ्याच्या वर्षांत छोट्याला कोणी वाढवलं? ताईने. शेजारच्या शिंपीणबाईंनी तिला मशीनवर बसवलं. पाय जेमतेम पोचायचे. शाळा सुटली ती सुटलीच. हे सगळं तिने छोट्याला सांगितलं. दूध गरम राहावं म्हणून बाटली लोकरीच्या मोज्यात घालून पोटाशी धरायची, ते सांगितलं. त्याला ताप भरला तेव्हा डॉक्टर मिळेना, मग त्याला खांद्यावर टाकून टेबलाभोवती उजाडेपर्यंत फेऱ्या मारल्या, ते सांगितलं. अंगाई तिला येत नव्हती. आईला यायच्या, पण त्या आईबरोबर गेलेल्या. ताईला पाढे यायचे. म्हणून सतराचा पाढा म्हणत राहिली, अंगाईच्या चालीवर. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. पुढे तो पाढा ऐकल्याशिवाय झोपेना झाला गाढव.

आणि पालकसभेची गंमत सांगितली. शाळेतून निरोप आला, मुलाच्या आईला पाठवा. आता आई आणायची कुठून? ताईने आईचा मागे राहिलेला कोट चढवला, खांद्यात उशीचा कापूस भरला, ओठ रंगवले आणि जाऊन बसली आयांच्या रांगेत. बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलाचं अक्षर घाण आहे." ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "त्याच्या बापावर गेलाय." हे सांगताना ती आणि छोट्या दोघं इतकी हसली की वरून कोणीतरी पाय आपटून गप्प बसायला सांगितलं. मग हसता हसता छोट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ताई, हे सोनं आहे, सोनं."

ताईला वाटलं, सोनं आपल्याला म्हणतोय.

इथे तिच्या हातून चूक झाली, आणि चूक अशी की तिच्याच धंद्यातलं माणूस करू शकतं. तिचा स्वतःचाच दंडक होता: नाटकाचं पहिलं वाचन होऊन पात्रं ठरेपर्यंत कापडाला कात्री लावायची नाही. कितीतरी नवख्या पोरींना तिने यावरून फैलावर घेतलं होतं. आणि या वेळी तिनेच, कोणी सांगितलेलं नसताना, एका मुलीचा झगा शिवून ठेवला. फिकट निळा, कोपरापाशी विरलेला, दरवर्षी उसवून लांब केल्याच्या दोन रेघा तळाशी दिसणारा. त्या रेघा खऱ्या वाटाव्यात म्हणून तिने कापड चहाच्या पाण्यात बुडवलं, उन्हात टाकलं, धुतलं, परत टाकलं. कोण पोरगी घालेल हा, असा विचार करत ती तो झगा पिशवीत घालून वाचनाला गेली. वाचनाला ती एरवी कधी बसत नसे. त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पिशवी घेऊन.

छोट्याने वाचायला सुरुवात केली. पात्रं तीनच. एक तो स्वतः, गोष्ट सांगणारा. एक बाहुला, म्हणजे लहानपणचा छोट्या. आणि आई.

ताई वाट बघत बसली. बाटली आली, मोज्यातली. ती आईने पोटाशी धरली होती. ताईला वाटलं, असेल, सुरुवात आहे, आई अजून गेली नसेल. मग ताप आला. टेबलाभोवती फेऱ्या आल्या. सतराचा पाढा आला. तो म्हणत होती आई. ज्या आईला धोब्याचे कपडे मोजता येत नव्हते, ती सतराचा पाढा म्हणत होती. मग पालकसभा आली. आता आई खरीच आई म्हटल्यावर कोटात कापूस भरायचं काही कारण उरलं नव्हतं, तेव्हा तो प्रसंग छोट्याने दुःखाचा करून टाकला होता. थकलेली आई, एकटी, आयांच्या रांगेत. वाचन संपलं तेव्हा खोलीतले सगळे नाकं पुसत होते. ताईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिने मांडीवरच्या पिशवीचं तोंड गाठ मारून बंद केलं.

बाहेरच्या अरुंद वाटेत तिने त्याला गाठलं.

"छोट्या, मी कुठे आहे रे?"

त्याला प्रश्न अपेक्षित होता. उत्तर तयार होतं. "ताई, शांतपणे ऐक. दोन बायका आल्या की प्रेक्षकाचं मन दुभंगतं. कोणावर माया करायची त्याला कळत नाही. म्हणून मी तुम्हा दोघींची मिळून एक केली. हे सगळीकडे करतात, नाटकात ती रीतच आहे. आई म्हणजे तूच आहेस त्यात."

"दोघींची मिळून? त्यात आईचं काय आहे, नावाशिवाय?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? तू खऱ्याचे दिवस आलेत म्हणालास ना? मग हे काय? आई गेली होती, छोट्या. तू भुकेने रडायचास आणि ती कुठल्याशा गावात गात होती. मी तिला कधी एका शब्दाने बोलले नाही. पण म्हणून माझं उचलून तिच्या पदरात घालायचं?"

"मग काय दाखवू? आई आम्हाला टाकून गेली, असं? ती आता किती दिवसांची सोबती आहे, ताई? पहिल्या रांगेत बसणार आहे ती. तिला चारचौघांत उघडी पाडू?" मग तो जवळ आला, आवाज मऊ केला. "तू मोठ्या मनाची आहेस. तुला कशाला हव्यात या टाळ्याबिळ्या?"

मोठ्या मनाची! हा शब्द ताईने आयुष्यभर ऐकला होता. घरात काहीही कमी पडलं की आधी ताईचं मन मोठं व्हायचं.

"मला टाळ्या नकोत," ती म्हणाली. "एक वाक्य दे. ‘मला एक ताई होती.’ एवढंच. काय केलं, किती केलं, काही सांगू नकोस. पण होती एवढं तरी म्हण."

छोट्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ती त्याच्या डोक्यावर ठेवायची तसा. "शपथ. पाढा संपला की म्हणेन."

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा पाणीपुरवठ्यात कामाला होता, दिवसभर दुसऱ्यांच्या गळक्या नळांशी भांडून घरी यायचा आणि घरी आल्यावर शक्यतो कोणाशी भांडायचा नाही. त्या दिवशी मात्र त्याने हातातला कप खाली आपटला.

"आयत्या बिळावर नागोबा!" तो म्हणाला. पलीकडच्या खोलीत आई होती, तिला ऐकू कमी येत होतं हे त्यातल्या त्यात बरं. आई राहायची ताईकडेच, हे निराळं सांगायला नको. छोट्याचं घर मोठं होतं, पण तिथे शांतता लागे. "आणि तू एका वाक्यावर गप्प बसलीस? अगं, भिकाऱ्यालासुद्धा लोक दोन वाक्यं बोलतात."

"अहो, आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला सांगायला जाऊ?"

"मी येणार नाही त्या नाटकाला. मला तिथे उठून शिव्या द्याव्याशा वाटतील."

आणि तो खरोखरच गेला नाही.

ताईला मात्र काम सोडता येईना. नाही, पैशाचा प्रश्न नव्हता. त्या नाटकाचे कपडे दुसऱ्या कोणी शिवावेत, हेच तिला सहन झालं नसतं. बाहुल्याची चड्डी, त्याच्या वाढत्या अंगाचा स्वेटर, त्याचे कागद कोंबलेले मोठे बूट, हे कसं होतं ते जगात तिलाच माहीत होतं. निळा झगा तिने फडताळात मागे सारला आणि आईचे कपडे शिवायला घेतले.

आईचं काम करणारी नटी पोरगी गुणी होती, चौकस होती आणि जरा जास्तच बोलायची. माप घेताना म्हणाली, "ताई, सर म्हणतात मूल कडेवर घेऊन मशीनवर बसायचं. कसं जमतं हो ते? मी पडतेच."

"पडशील नाही तर काय. डावी मांडी वर घे. पाय पट्टीवर उजवाच. त्याचं डोकं इथे, गळ्यात. हां. आणि दोरा दातांनी तोडायचा तो बाजूच्या, पुढच्या नव्हे. पुढच्यांनी तोडलास तर त्याला वाटेल तू चावतेयस, रडायला लागेल."

नटीने तसं केलं. मग एकदम थांबली आणि आरशात ताईकडे बघत राहिली. "ताई," ती म्हणाली, "सरांच्या आई शिवायच्या?"

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्यातली एक काढून कंबरेपाशी टोचली.

"ही तुम्ही आहात," नटी म्हणाली. "मी तुमचं काम करतेय."

"हलू नकोस, टोचेल."

"पण ताई, हे—"

"हलू नकोस म्हटलं ना!" आणि ताईच्या आवाजाला अशी धार आली की पोरगी गप्पच झाली. पण गप्प बसणारी ती नव्हती. ती छोट्याकडे गेली असणार, कारण दुसऱ्या दिवशी तालमीत पाढा संपल्यावर छोट्या पुढे आला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "मला एक ताई होती."

खाली शिवणघरात ते ऐकू आलं. ताईचा पाय मशीनवरच थांबला. त्यानंतर रोज पाढा सुरू झाला की ती काम टाकून जिना चढायची आणि विंगेत, पडद्याआड जाऊन उभी राहायची. चार शब्द. ते म्हणून झाले की खाली यायची आणि परत दोरा ओवायची. तिला स्वतःचीच लाज वाटायची. एवढी बाई झाले, नि चार शब्दांसाठी जिने चढतेय. पण चढायची. त्या दिवसांत ती घरी गुणगुणायला लागली. नवरा म्हणाला, "बघ हं." ती म्हणाली, "तुम्हाला कशातच चांगलं दिसत नाही."

पहिला प्रयोग दुपारचा होता. ताईने सकाळी आईला न्हाऊ घातलं, केस विंचरले, करड्या रंगाचा नवा पोशाख चढवला. तोही तिनेच शिवलेला. आई आरशात बघून म्हणाली, "कंबरेत जरा सैल झालाय." ताई म्हणाली, "असू दे, बसल्यावर बरं." आईला पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसवून ती मागे विंगेत गेली.

नाटक छान झालं. हे सांगताना ताईच्या तोंडात कडू येईल, पण छान झालं. नटीने जीव ओतला. बाहुला कडेवर घेऊन ती मशीनवर बसली तेव्हा ताईला स्वतःच्या डाव्या मांडीत कळ आली. मग ताप चढला. फेऱ्या सुरू झाल्या. सतरा एके सतरा. प्रेक्षागृहात श्वास घ्यायलाही कोणी तयार नव्हतं. सतरा दाहे एकशे सत्तर झालं, बाहुल्याची मान नटीच्या खांद्यावर पडली, आणि छोट्या पुढे आला.

त्याने तोंड उघडलं. समोर पहिल्या रांगेत आई रडत होती. साधीसुधी नाही, रुमाल तोंडाशी धरून, खांदे हलवत रडत होती, आणि शेजारच्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. छोट्याने ते पाहिलं. उघडलेलं तोंड त्याने मिटलं. आणि पुढच्या वाक्यावर गेला.

नटीने झटकन विंगेकडे पाहिलं. ताई तिथे उभी होती, पडद्याची कड मुठीत धरून. तिला वाटलं, विसरला. विसरतात कधीकधी, मोठमोठे विसरतात, आता पुढच्या प्रसंगात घेईल. पुढचा प्रसंग आला आणि गेला. त्याच्या पुढचाही गेला. मग टाळ्याच सुरू झाल्या.

लोक उभे राहिले. छोट्याने खाली उतरून आईला हात दिला आणि वर आणलं. लोक आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले. मग खुर्च्या मांडल्या. प्रयोगानंतर चर्चा, ही आता नवी रीत आहे. नाटक झालं की लगेच त्यावर बोलायचं, थंड होऊ द्यायचं नाही.

मागच्या रांगेतून एक चष्मेवाली बाई उठली. "सध्या खऱ्या माणसांची आयुष्यं रंगमंचावर सर्रास आणली जातात," ती म्हणाली. "ज्यांचं आयुष्य, त्यांना विचारलंत का तुम्ही?"

"पहिला शब्द लिहायच्या आधी आईला विचारलं," छोट्या म्हणाला. "तिने हो म्हटलं नसतं तर हे नाटक झालंच नसतं." टाळ्या.

कोणीतरी आईपुढे माइक धरला. ती आधी नको नको म्हणाली. मग गायच्या दिवसांतली सवय कुठून तरी परत आली, पाठ ताठ झाली, आणि ती म्हणाली, "आईला करावंच लागतं हो. कोण करणार दुसरं?" आणि तिने डोळे मिटून पाढा सुरू केला, त्याच चालीवर, आताच ऐकलेल्या. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक... तिथे अडली. अख्ख्या प्रेक्षागृहाने एका आवाजात सांगितलं, "एक्कावन्न!" आणि लोक हसले, रडले, काय काय केलं.

चष्मेवाली बसेना. "आणि घरात दुसरं कोणी नव्हतं? भावंडं?"

छोट्या गांगरला. ताईने विंगेतून पाहिलं, कानाची पाळी लाल झाली होती त्याची, चोरी सापडली की लहानपणी व्हायची तशीच. मग त्याने एकदम विंगेकडे हात केला. "आहे ना! माझी ताई इथेच आहे. हे सगळे कपडे तिने शिवलेत. ताई, ये ना."

नटीने तिला मागून हलकेच ढकललं. "जा ताई," ती कानात म्हणाली. "सांगा. आता सांगा."

ताई उजेडात आली. गळ्यात मापाची फीत तशीच. कपड्यांसाठी तिला टाळ्या मिळाल्या, बऱ्यापैकी. आईशेजारी तिला उभं केलं आणि माइक तिच्या हातात आला. चष्मेवाली बाई म्हणाली, "तुम्ही तर सगळं जवळून पाहिलंय. तुमची आई खरंच अशी होती?"

ताईच्या जिभेवर सगळं होतं. मोजा, मशीन, कापूस भरलेला कोट. एकदा तोंड उघडायचा अवकाश. छोट्या जमिनीकडे बघत होता. बघू दे मेल्याला. त्याची तिला बिलकूल कीव आली नाही. ती बोलणारच होती.

तेवढ्यात आईने तिचा हात धरला. गार पडलेला हात, आणि पकड अशी की बोटं दुखावीत. ताईने वळून पाहिलं. आईचे पाणावलेले डोळे तिच्यावर रोखलेले होते. आणि ताईला वाटलं, हिला कळतंय. हिला सगळं आठवतंय, आणि आज पहिल्यांदा ही माझ्यापुढे हात पसरतेय. आयुष्यभर जे बोलली नाही ते या पकडीत बोलतेय. एवढं मागतेय म्हातारी, तर घेऊ दे. तिला तरी कळेल कोणी दिलं ते.

"हो," ताई माइकमध्ये म्हणाली. "अगदी अशीच होती."

मग जो काही टाळ्यांचा कडकडाट झाला, तो बराच वेळ चालला.

विंगेत छोट्या तिच्या मागे मागे आला. "ताई, ते वाक्य... आई रडत होती गं, मला जमेचना. उद्यापासून नक्की घालतो."

"राहू दे," ताई म्हणाली.

"रागावलीस?"

"राहू दे म्हटलं ना. लोक थांबलेत बाहेर, जा."

तो सुटल्यासारखा गेला. नटी कोपऱ्यात उभी होती. ताईने तिच्याकडे पाहिलं नाही.

रंगपटात आईला खुर्चीत बसवलं होतं. मांडीवर फुलं, गाल लाल. कितीतरी वर्षांत ती इतकी टवटवीत दिसली नव्हती. लोक येऊन पाया पडत होते, फोटो काढत होते. सगळे गेल्यावर ताईने दार लोटलं. आता दोघीच. ताई आईच्या पायांशी खाली बसली, घरी न्यायचं म्हणून पायात चपला घालायला. सुजलेल्या पायांना चपला हातानेच चढवाव्या लागायच्या. तिने एक पाय मांडीवर घेतला आणि वाट बघत राहिली. घाई नव्हती. आईला शब्द जुळवायला वेळ लागेल, हे ती समजून होती.

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काय दिवस काढले गं मी," आई म्हणाली. "तो तापाने फणफणलेला, डॉक्टर मिळेना, आणि मी एकटी त्या टेबलाभोवती. आज सगळं डोळ्यांपुढे आलं." मग तिच्या आवाजात तक्रार आली, जुनी, खोल साठलेली असावी तशी. "एक विचारू? रागावू नकोस. तू कुठे होतीस गं तेव्हा? एवढी घोडी झाली होतीस. एकदा तरी म्हणावंस, आई, तू नीज जरा, मी धरते त्याला."

ताईने वर पाहिलं. आईच्या डोळ्यांत खोटं काहीच नव्हतं. रंगमंचावरचा तो हात, ती पकड, ते पाणी, कशातच मागणं नव्हतं. म्हातारी उजेडात उभं राहून नुसती बावरली होती, बाकी काही नाही.

बाहेर कोणीतरी छोट्याचं अभिनंदन करत होतं. ताईने आईचा पाय चपलेत नीट बसवला, पट्टा लावला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

"जाऊ दे. मी कधी मनात ठेवलं नाही," आई म्हणाली, आणि तिने दुसरा पाय पुढे केला.